अकरा हजार ओळींचा राखणदार

कंपनीत त्याला शंकासुर म्हणत आणि हे त्याला माहीत होतं. नाव पहिल्यांदा कुणी काढलं, एवढंच एकवीस वर्षांत कळलं नव्हतं. त्याचा तपास अजून चालू होता. संशयितांच्या यादीत गोदामवाले मामा पहिले होते, कारण ते नाव ऐकून सगळे हसत आणि मामा तेवढे हसत नसत.

कंपनी दारांखिडक्यांना आणि न्हाणीघरांना लागणारं सामान पुरवायची. बिजागऱ्या, कड्या, मुठी, टॉवेल रॉड. माल बनवणारे वेगळे, तो भिंतीत ठोकणारे वेगळे, मधे ही कंपनी. आणि कंपनीच्या मधोमध, पाण्याच्या पिंपाजवळच्या टेबलावर, भिंतीला पाठ लावून शंकासुर. पाठीमागून कुणी स्क्रीन बघू नये म्हणून टेबल त्याने स्वतः फिरवून घेतलं होतं. तो तक्ता सांभाळायचा.

तक्ता सांभाळणं म्हणजे काय, हे नातेवाइकांना समजावण्याची त्याच्या बायकोची एक पद्धत होती. "हे बघा," ती सांगायची, "सासूबाई ज्याला तपेली म्हणायच्या त्याला मी पातेलं म्हणते, आणि आमच्या जाऊबाई टोप म्हणतात. भांडं एकच. तर तिघींच्या मधे उभं राहून बरोबर भांडं बरोबर हातात देणारा माणूस म्हणजे हे. फक्त तिथे पगार मिळतो आणि घरी हे त्या वेळी बाहेर जातात."

यात अतिशयोक्ती नव्हती. चार इंची बिजागरीला एक ग्राहक २०८१५ म्हणायचा, दुसरा ७७००३ म्हणायचा, आणि कंपनीच्या गोदामात ती १११४० या नंबराने मुकाट्याने पडून असायची. ऑर्डरी ग्राहकाच्या कॉम्प्युटरमधून निघून थेट कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये येत. मधे माणूस तोंड उघडत नसे. आलेला कोड तक्त्याच्या डाव्या रकान्यात शोधायचा, त्याच ओळीत उजवीकडे असलेला आपला कोड उचलायचा, गोदामाला चिठ्ठी छापायची. शोधायचा क्रमही ठरलेला. आधी त्या ग्राहकाच्या नावाच्या भागात. तिथे नसला तर सर्वसाधारण भागात, जिथे सगळेच वापरतात असे थोडे कोड ठेवलेले होते. तिथेही नसला, तर ऑर्डर थांबायची, लाल व्हायची आणि शंकासुराच्या स्क्रीनवर यायची. मग तो फोन उचलून विचारायचा, "हे काय आहे? कशाला लागतं? कुणी सांगितलं?" तिसऱ्या प्रश्नाची ऑर्डरीला गरज नसे.

हा स्वभाव त्याला वारशाने मिळाला होता. वडील एका वजनकाट्यावर कारकून होते. ट्रक काट्यावर चढला की बाकीचे आकड्याकडे बघत, वडील ड्रायव्हरच्या पायांकडे. एक पाय काट्यावर ठेवून गप्पा मारणारे ड्रायव्हर त्यांनी आयुष्यभर पकडले. शाळेतून परत येताना पोरगा तिथे थांबायचा आणि पाय बघायला शिकायचा. पुढे बायको बघायला गेला तेव्हाही त्याने पहिल्यांदा पाय बघितले, आणि मुलीकडच्यांना वाटलं, काय लाजाळू मुलगा आहे.

कंपनीत तो लागला तेव्हा तक्ता नव्हता, एक जाड वही होती. दुकानदार फोनवर सांगायचे, "ते छोटं वाकडं द्या, मागच्या वेळचं." कुणाचं छोटं वाकडं म्हणजे काय, हे त्या वहीत होतं, आणि वहीत नसलेलं त्याच्या डोक्यात होतं. वहीचा तक्ता झाला, तक्ता एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात गेला, ओळी अकरा हजारांवर गेल्या. प्रत्येक ओळीच्या शेवटी शेऱ्याचा एक रकाना होता: ही ओळ का घातली, ते लिहायला. अकरा हजारांपैकी एकाही ओळीला शेरा नव्हता. शेरे लिहून ठेवले की माणसाला घरी पाठवता येतं, असं त्याचं साधं गणित होतं.

घरीही पहारा होताच. कपाटाच्या खणाला तो एक बारीक धागा चिकटवून ठेवायचा. खण कुणी उघडला तर धागा तुटणार. एकदा धागा तुटलेला दिसला. तीन दिवस त्याने बायकोशी, मुलीशी आणि भांडी घासणाऱ्या मावशींशी वेगवेगळं आणि तिरकं बोलून बघितलं. चौथ्या दिवशी बायको म्हणाली, "अहो, रविवारी नेलकटर तुम्हीच काढलंत ना खणातून?" त्यावर तो म्हणाला, "तुला कसं माहीत?"

असा हा माणूस. आणि तीन महिन्यांपूर्वी साहेबांनी त्याच्या शेजारच्या टेबलावर एक बाई आणून बसवल्या.

बाई तिशीच्या, हुशार, हातात कायम एक पाण्याची बाटली. साहेब म्हणाले, "या तुमच्या मदतीला." शंकासुराने ते वाक्य घरी नेऊन दोनदा तपासलं. मदत मागितली कुणी होती? बाई त्याला पहिल्या दिवसापासून 'काका' म्हणू लागल्या. कामाच्या ठिकाणी काका म्हणणारा माणूस एक तर काहीतरी मागणार असतो किंवा काहीतरी काढून घेणार असतो, असा त्याचा अनुभव होता. बाई तर विचारायच्या. रोज.

"काका, या मुठीला दोन कोड का?"

"असतात."

"पण का?"

"जुनं आहे."

"शेरा लिहूया का मग? मी लिहिते, तुम्ही सांगा."

"बघू." आणि तो पाणी प्यायला उठायचा. बाईंची पाण्याची बाटली पाहून तिचाही त्याला संशय येई: पिंप हाताशी असताना बाटली कशाला?

मग एका मंगळवारी सकाळी फोन आला.

एका कंत्राटदाराचा होता. वृद्धांच्या निवासाचं काम होतं, ग्राहक नवा होता, दोन महिन्यांपूर्वीच जोडलेला. साहेबांनी फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला, आणि कंत्राटदाराला त्याची गरज नव्हती.

"मी आधाराचे दांडे मागवले!" तो ओरडत होता. "म्हातारी माणसं न्हाणीघरात धरून उठतात ते! तुम्ही काय पाठवलं? टॉवेल रॉड! माझ्या माणसांनी अठ्ठेचाळीस बसवले पण! काल आमच्या प्लंबरने एकाला लटकून बघितलं, तर रॉड भिंतीतून निघून हातात आला आणि प्लंबर जमिनीवर. कंबर धरून घरी बसलाय. अहो, त्या जागी उद्या कुणाची आजी असती!"

"बॉक्सवर लिहिलेलं नव्हतं का?" साहेबांनी जपून विचारलं.

"बॉक्सवर तुमचा नंबर असतो! नंबर वाचून कुणाला कळतं काय आहे ते? आणि सोमवारपासून माणसं राहायला येतायत."

नवे दांडे आजच पाठवतो असं सांगून साहेबांनी फोन ठेवला. मग ते शंकासुराच्या आणि बाईंच्या टेबलांच्या बरोबर मधे येऊन उभे राहिले.

"पाच वाजता दोघंही माझ्याकडे या. काय झालं ते मला कळलं पाहिजे. ज्याची चूक असेल त्याच्या हातात यापुढे तक्ता राहणार नाही. एकाच्याच हातात राहील. मला दोन राखणदार नकोत, एकच, पण धड हवाय."

साहेब गेले. बाईंचा चेहरा उतरला होता. शंकासुराने तो नीट बघून घेतला, आणि मग पायही.

"काका," बाई हळू आवाजात म्हणाल्या, "या ग्राहकाचे कोड मीच चढवले होते. सगळे चढवले, एक सोडून. आधाराचा दांडा. आपल्याकडे दोन जातींचे आहेत ना, सरळ आणि कोनातला. कुठला ते नक्की नव्हतं. म्हटलं, कोड तक्त्यात नाही म्हणजे ऑर्डर लाल होईलच, तेव्हा विचारून घेऊ."

"आणि झाली का लाल?"

"नाही ना. तेच कळत नाही. लाल व्हायलाच हवी होती."

आतून शंकासुराला बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं इतकं बरं वाटलं. ओळ सोडली, स्वतः कबूल केलं, तेही सकाळी साडेदहाला. प्रकरण इतकं सोपं असतं का कधी? तो विचारात पडला. इतक्या सहज कबूल करणारा माणूस काहीतरी मोठं लपवत असतो. ओळ सोडलीच नसेल. घातली असेल, चुकीची घातली असेल, आणि सकाळी घाईघाईने काढून टाकली असेल.

तो गोदामात गेला. मामा चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यात होते.

"मामा, ती टॉवेल रॉडची चिठ्ठी दाखवा."

"का? तुम्हाला मी बदलली असं वाटतंय?"

"मी असं म्हटलं का?"

"तुम्ही म्हणत नाही कधी. नुसते बघता. बायकोलाही असेच बघता का हो?" मामांनी चिठ्ठी काढून दिली. छापील, स्वच्छ. ३३०९२, टॉवेल रॉड, अठ्ठेचाळीस. "चिठ्ठीत जे येतं ते मी देतो. माझ्याकडे डोकं वापरायची सोय नाही, तसा आदेशच आहे. तुम्हीच काढलेला."

तेही खरं होतं. ३३०९२ हा नंबर मात्र शंकासुराच्या मनात अडकला. हा आधी कुठल्या तरी पितळी कडीचा होता. ती बंद झाली आणि तीन वर्षांपूर्वी साहेबांनी तोच नंबर नव्या टॉवेल रॉडला देऊन टाकला. मेलेल्या मालाचा नंबर जिवंत मालाला देऊ नये, असं शंकासुराने तेव्हा लेखी कळवलं होतं. त्याची प्रत त्याच्याजवळ होती. अर्थातच.

टेबलावर येऊन त्याने आधी बदलांची नोंदवही उघडली. हा प्रोग्रॅम सहा वर्षांपूर्वी आला, तेव्हापासून तक्त्यात कुणी काय घातलं, काय काढलं, ते नावानिशी आणि वेळेनिशी आपोआप लिहिलं जायचं. त्याने बाईंचं नाव टाकलं. दोन महिन्यांत बाईंनी या ग्राहकाच्या एकशे बारा ओळी घातल्या होत्या. काढलेली एकही नव्हती. त्याने पुन्हा बघितलं. मग नोंदवहीवरच कुणी हात फिरवला असेल का, याचा विचार केला, आणि नाइलाजाने तो सोडून दिला.

मग ऑर्डर उघडली. ग्राहकाने पाठवलेला कोड होता ६१४४०८.

तो खुर्चीत थोडा मागे सरकला. ६१४४०८ हा आकडा त्याला कोडासारखा दिसेचना. त्याला चाल होती. एकसष्ट, चव्वेचाळीस, शून्य आठ. घरात काळा फोन होता तेव्हा बायको हाच आकडा अशाच चालीत नातेवाइकांना सांगायची. घरचा जुना नंबर. फोन काढून टाकल्याला बारा वर्षं झाली होती.

त्याने सर्वसाधारण भाग उघडला. शोधायची गरज नव्हती, ओळ कुठे आहे हे बोटांना आठवलं. डावीकडे ६१४४०८. उजवीकडे ३३०९२. शेरा रिकामा.

नऊ वर्षांपूर्वी विक्री विभागातला एक माणूस नोकरी सोडून समोरच्या कंपनीत गेला होता. जाताना तो सगळ्यांना पेढ्यासारखा गोड बोलला, शंकासुराशी तर दोन मिनिटं जास्तच. तेवढ्यावरून शंकासुराची खात्री पटली की हा तक्त्याची नक्कल घेऊन जाणार, नाहीतर मागून कुणाकडून मागवणार. म्हणून त्याने सर्वसाधारण भागात पाच खोट्या ओळी पेरल्या. कुठल्याही ग्राहकाचे नसलेले कोड, बंद पडलेल्या मालाला जोडलेले. उद्या समोरच्यांच्या तक्त्यात या पाच ओळी निघाल्या की चोरी सिद्ध. आकडे विसरू नयेत म्हणून त्याने घरचेच घेतले: फोन, स्कूटर, शाळेच्या शेवटच्या परीक्षेतला नंबर, बायकोचं वाचनालयाचं कार्ड, वडिलांच्या काट्याचा परवाना. नऊ वर्षांत चोरी करायला कुणी आलं नाही. याचं त्याला मधूनमधून थोडं वाईटही वाटायचं. पुढे तर तो ते विसरूनच गेला. आणि आता या नव्या ग्राहकाचा आधाराच्या दांड्याचा कोड योगायोगाने नेमका तोच फोनचा आकडा निघाला होता.

नेलकटर कुणी काढलं होतं, ते त्याला आठवलं.

तीन वाजले होते. त्याने ओळीची तारीख बघितली. सहा वर्षांपूर्वीची, म्हणजे जुन्या प्रोग्रॅममधून सगळा तक्ता उचलून आणला त्या दिवसाची. घालणाऱ्याचं नाव: प्रणाली, म्हणजे खुद्द प्रोग्रॅमच. त्या दिवशी आलेल्या सातआठ हजार ओळींना तेच नाव होतं. जगात कुठेही लिहिलेलं नव्हतं की ही ओळ त्याची. आणि ओळी उचलून आणणारा तेव्हाचा तरुण इंजिनिअर आता दुसऱ्या खंडात कुठेतरी सुखी होता. संशय घ्यायला इतका सोयीचा माणूस शंकासुराला पूर्वी कधी मिळाला नव्हता.

"काका." बाई बाजूला येऊन उभ्या होत्या. त्याने सवयीने स्क्रीनवर हात धरला. "सापडली ओळ. सर्वसाधारण भागात आहे. म्हणून लाल झाली नाही."

"हं."

"घालणाऱ्याचं नाव नाही. कुणीतरी कधीतरी चाचणीसाठी घातली असेल आणि काढायची राहिली असेल. मी साहेबांना तेवढंच सांगणार. जुनं आहे म्हणून."

'जुनं आहे' हे शब्द त्याचेच होते. त्याने बाईंकडे बघितलं. ही आपल्याला वाचवतेय का? कशासाठी? की आपण हो म्हणतो का ते बघतेय? की खरंच काही माहीत नाही हिला? तिन्ही शक्यता त्याने उलटसुलट करून पाहिल्या आणि पहिल्यांदाच त्याला वाटलं की कुठलीही खरी असली तरी त्याने काही बदलत नाही. कारण बाईंना एक ओळ माहीत होती. त्याला पाच माहीत होत्या.

उरलेल्या चार तक्त्यात तशाच होत्या, दाराआड उभ्या. स्कूटरच्या नंबराची ओळ कुठल्या मालाकडे बोट दाखवत होती? त्याने उघडून बघितलं. त्या बंद मालाचा नंबरही मधल्या काळात नव्याला दिला गेला होता: फडताळाच्या हलक्या पट्ट्या. उद्या एखाद्या ग्राहकाने त्याच आकड्याने गॅलरीच्या कठड्याच्या पट्ट्या मागवल्या, तर मामा डोकं न वापरता फडताळाच्या देतील. ओळी काढायलाच हव्या होत्या. आणि काढल्या की नोंदवहीत आजची तारीख, आजची वेळ आणि त्याचं नाव. चौकशीच्या दिवशी, साहेबांना भेटायच्या आधी, कुणालाही माहीत नसलेल्या चार ओळी या माणसाने नेमक्या शोधून काढल्या. अशी नोंद दुसऱ्या कुणाची दिसली असती, तर शंकासुराने त्याला वर्षभर सोडलं नसतं.

गप्प बसावं, तर तक्ता हातात राहणार आणि त्यात चार सापळे. काढावेत, तर तक्ता जाणार. तक्त्याविना तो कंपनीत कोण होता? पिंपाजवळ बसणारा एक माणूस.

पावणेपाचला त्याने पाचही ओळी काढल्या. काढताना प्रोग्रॅमने कारण विचारलं. शेऱ्याचा तोच रकाना, जो त्याने आयुष्यात भरला नव्हता. पाचही वेळा त्याने लिहिलं: 'मी घातलेला सापळा. मीच काढला.' पाचव्या वेळी हात जरा सरावला होता.

साहेबांच्या खोलीत बाईंनी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात तो म्हणाला, "माझी ओळ होती." आणि सगळं सांगितलं, आकड्यांसकट. वाचनालयाच्या कार्डापाशी साहेबांनी चष्मा काढला.

"म्हणजे चोर पकडायला?"

"हो."

"चोर आला का?"

"नाही."

"प्लंबर आला." साहेबांनी चष्मा पुन्हा चढवला. "तुम्हीच तर ही लाल व्हायची व्यवस्था आग्रहाने करून घेतलीत. अनोळखी माणसाला दारात थांबवायची. आणि पाच जणांना तुम्हीच मागच्या दाराने आत घेऊन ठेवलंत?"

साहेबांनी तक्ता बाईंच्या हातात दिला. शब्द दिला होता, तो पाळला. शंकासुराला फक्त वाचायची परवानगी उरली. आवाज न चढवता साहेबांनी शेवटचा प्रश्न विचारला, "पाचच होत्या ना?"

शंकासुराने तोंड उघडलं. पाच, हे त्याला पक्कं आठवत होतं. फोन, स्कूटर, परीक्षा, वाचनालय, काटा. पण आज सकाळपर्यंत एकही नव्हती, हेही त्याला इतकंच पक्कं ठाऊक होतं. त्याने आयुष्यात असे खूप लोक बघितले होते, अगदी खात्रीने बोलणारे. त्यांचं त्याने कधी ऐकून घेतलं नव्हतं.

"सांगता येत नाही," तो म्हणाला. "या माणसाच्या शब्दावर मी तरी विश्वास ठेवणार नाही."

बाईंना हसू आलं आणि ते त्यांनी बाटलीच्या आड केलं. हे त्याने टिपलं.

दुसऱ्या दिवशी त्याने टेबल फिरवलं. भिंतीला पाठ राहिली नाही; स्क्रीन आता बाईंच्या बाजूला उघडी होती. मामा पाण्याला आले, थबकले, "काय हो, कुणावर पाळत?" म्हणाले.

"माझ्यावर," तो म्हणाला. मामा पहिल्यांदाच हसले, आणि एकवीस वर्षांच्या तपासात मामांवरचा संशय थोडा कमी करावा लागला.

बाई कीबोर्ड ओढून बसल्या. "कुठून सुरू करायचं, काका?"

"पहिल्या ओळीपासून. मी सांगतो ही का घातली ते, तुम्ही शेरा लिहा. मला कारण सांगता आलं नाही, तर ती ओळ संशयित धरा."

"अकरा हजार आहेत."

"अकरा हजार दोनशे सहा," तो म्हणाला, आणि मग थोडं थांबून, "पण तुम्ही एकदा मोजून घ्या."